आरएल किती?

गेल्या रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला नागपूरला बेसाच्या पुढे एका लेआऊटवर प्लॉटांच्या खुंट्या मारून राहिलो होतो, मी सर्वेअर म्हणून इन्स्ट्रुमेंटवर, भाचा प्रिझम, म्हणजे दुर्बिणीतून नेम धरायची काच लावलेला पोल घेऊन पार तिकडे नाल्याच्या कडेला, आणि मधेच तो पोल तिथेच सोडून चालत माझ्याकडे यायला लागला. मला वाटलं पाणी संपलं असेल. जवळ येऊन म्हणतो, "मामा, काल मुंबईवाल्याचा फोन आला होता. चौतीस देतो म्हणून राह्यला."

चौतीस म्हणजे चौतीस हजार. सध्या तो ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे तिथे सतरा मिळतात, रोख, पीएफ-बीएफ काही नाही, आणि रविवारी माझ्यासोबत येतो त्याचे मी वेगळे देतो. आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेअर ट्रेड केलाय, वरून चार वर्षांचा अनुभव, हात चांगला आहे पोराचा. सतराचे चौतीस, म्हणजे सरळ डबल. डोळ्यात दिसत होतंच.

"मग जाऊ का?"

आता आमच्याकडे विदर्भात मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा मामाच्या नाही. मुंबईत असताना हे सांगितलं की लोक हसायचे. पण त्यामुळे एक अडचण होते, ज्याच्या पाया पडायचं त्याला उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? मी म्हणलं, आधी अकरा प्लॉट राह्यले ते करू, मग पाहू. मे महिना, साडेनऊनंतर जमीन अशी तापते की दुर्बिणीतून प्रिझम पाण्यात पडल्यासारखा हलायला लागतो, क्रॉसहेअर नेमकी कुठे ठेवायची तेच समजत नाही. नागपुरात उन्हाळ्यातला सर्वेअरचा खरा दिवस चार तासांचाच असतो, बाकीचं ऑफिसमध्ये बसून ऑटोकॅड.

काम झालं आणि टपरीवर तर्री पोहे खाताना लेआऊटच्या प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही हिशोब मांडायला घेतला. हा लेख म्हणजे त्या हिशोबाची पक्की प्रत समजा, कारण तिथे तर्री सांडली.

आधी चौतीसचे खरे किती ते काढलं. ऑफर लेटर त्याच्या मोबाईलवर होतं. चौतीस हा सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, त्यात कंपनीने भरायचे पीएफचे १८०० पण त्याच्याच पगारात धरलेले, मग त्याच्या वाट्याचे १८०० वेगळे कापणार, २०० प्रोफेशन टॅक्स, फेब्रुवारीत ३००. हातात येणार ३०,२००. पीएफ आपलाच असतो हे खरं पण घरमालक पीएफ घेत नाही.

मग खर्च. त्याचे दोन मित्र आधीच तिकडे आहेत, डोंबिवलीत खोली, तिघांत एकाच्या वाट्याला सहा हजार. मेस पाच हजार. लोकलचा पास स्वस्त, तेवढी एकच गोष्ट मुंबईत स्वस्त आहे असं माझं मत, पण स्टेशनपासून साईटपर्यंत शेअर रिक्षा धरून अठराशे. चहा, वडापाव, रात्री उशीर झाला तर बाहेरचं जेवण असे दीड हजार, मोबाईल वगैरे पाचशे, आणि घरी येण्याजाण्याचे महिन्याला सरासरी हजार. झाले १५,८००. उरले १४,४००.

आणि नागपूर? सतरा हजार, त्यात गाडीचं पेट्रोल तीन हजार कारण साईट कधी बुटीबोरी तर कधी कोराडी रोड, चहा-नाश्ता हजार, मोबाईल तीनशे. उरले १२,७००.

पोराचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे फक्त सतराशेचा फरक, मामा? सतराशेसाठी काहून जाऊ?"

मी पण क्षणभर खुश झालो, खोटं कशाला बोलू. पण मग तो कागद पाहता पाहता मला आठवलं की अशीच चूक मी एकदा केली आहे, पैशाच्या नाही, लेव्हलच्या हिशोबात.

त्याआधी आरएलचं सांगतो. सर्वेअरच्या भाषेत आरएल म्हणजे रिड्यूस्ड लेव्हल, एखादी जागा ठरवलेल्या पातळीपासून किती उंच आहे तो आकडा. आणि नागपूरच्या माणसाला आरएल म्हणजे एनआयटीचं, नागपूर सुधार प्रन्यासचं, रिलीज लेटर, प्लॉट नियमित झाल्याचा कागद. इथे १९०० आणि ५७२ अनधिकृत लेआऊटांच्या भानगडीत दोन पिढ्या गेल्या, त्यामुळे प्लॉट म्हटलं की पहिला प्रश्न, आरएल आहे का? एकदा मानेवाड्याकडे एक काका माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि हळूच विचारलं, या प्लॉटचा आरएल काय आहे हो? मी इन्स्ट्रुमेंटमधून मान न काढता सांगितलं, तीनशे आठ पॉईंट चारशे पन्नास. काका दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, कोर्टात आहे का?

तर आरएल हा आकडा नुसता सांगून काही अर्थ नसतो, कोणत्या डेटमपासून ते सांगावं लागतं. डेटम म्हणजे जिथून मोजायला सुरुवात केली ती पातळी. आपल्या झिरो माईलला जो दगड आहे, ज्याला सगळे देशाचा मध्य म्हणून फोटो काढतात, तो जीटीएसचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या देशभरच्या मोजणीचा, १९०७ चा स्टँडर्ड बेंचमार्क, उंची पक्की मोजून ठेवलेली खूण, उंची १०२०.१७१ फूट, समुद्रसपाटीपासून. आम्ही नागपूरवाले त्या समुद्रसपाटीवरच वाढलेलो, म्हणजे समुद्र कधी पाहिला नसला तरी मोजायचं तिथूनच.

२००८ साली मी मुंबईला गेलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एका नाल्याच्या कामावर ड्रॉइंग हातात आलं. समुद्राला टेकलेलं शहर आणि रस्त्याच्या लेव्हली २८, २९, ३० मीटर. मला वाटलं ड्राफ्ट्समनने घोळ घातला. मी डीजीपीएसवरून, म्हणजे उपग्रहावरून मोजणाऱ्या यंत्रावरून, समुद्रसपाटीची लेव्हल काढून खुंट्यांवर लिहून टाकली, शहाणपणा. नशीब की कॉंक्रीटच्या आदल्या संध्याकाळी एक म्हातारा सर्वेअर फिरत आला, कोकणातला होता, त्याने खुंटी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, नवीन का? मुंबईत महापालिकेच्या कामाची लेव्हल टाउन हॉल डेटमवर असते, समुद्रसपाटीवर नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, पण एकाशेजारी एक ठेवून वजाबाकी केली की सत्यानाश. ऑफिसात माझी जी पूजा झाली ती सांगत नाही.

आमच्या प्रिंटच्या मागे तेच झालं होतं. मुंबईच्या हिशोबात भाडं होतं, मेस होती. नागपूरच्या हिशोबात भाडं शून्य, जेवण शून्य. का शून्य? कारण माझ्या बहिणीचं दिघोरीला घर आहे, आणि ते घर का आहे तर भाऊजींनी १९९९ साली ऐंशी हजारात हजार फुटाचा प्लॉट घेतला आणि बारा वर्षं थोडं थोडं बांधत राहिले. नागपूर स्वस्त नाहीये, बापाचं घर स्वस्त आहे. पोरगा नागपुरात उद्या वेगळा राहिला, टू बीएचके सोडा, एक साधी खोली किचन घेतली आणि डबा लावला तर त्या १२,७०० मधले पाच-सहाच हातात राहतात. मग फरक सतराशेचा नाही, आठ-नऊ हजारांचा होतो.

आणि पुढे लग्न झालं की मुंबईचा हिशोब परत फिरतो, कारण बायकोला तिघांच्या खोलीत नेता येत नाही. तो माझा अनुभव.

मी गेलो तेव्हा नागपूरला साडेपाच हजार मिळायचे आणि मुंबईवाला अकरा देत होता. म्हणजे तेव्हाही डबलच. इतक्या वर्षांत आकडे बदलले, पट तोच राहिला. लग्न होऊन वर्ष झालं होतं. परवडलं ते बदलापूर, वन आरके, भाडं ३,२००, डिपॉझिट पंचवीस हजार, दलालाला एक महिन्याचं भाडं वेगळं. पंचवीस हजार माझ्याकडे नव्हते. ते भाऊजींनी दिले, म्हणजे या भाच्याच्या बापाने, घराचा स्लॅब पुढच्या वर्षावर ढकलून. मला फेडायला तीन वर्षं लागली आणि त्यांनी एकदाही विषय काढला नाही. बहिणीने काढला, पण ते बहिणीचं कामच आहे.

साईट वडाळ्याला. बदलापूरहून कुर्ला, तिथे उतरून हार्बर. मोजलं तर साठेक किलोमीटर, म्हणजे नागपुरातून निघून रोज वर्ध्याकडच्या सेलूला जाऊन कामाला लागायचं आणि रात्री परत. नागपुरात कोणाला सांगितलं की मी रोज सेलूहून येतो तर लोक म्हणतील वेडा झाला का बे, बदली करून घे. मुंबईत सगळेच सेलूहून येतात.

आठ तासाचं काम, साडेचार तासाचा प्रवास. पगार आठ तासांवर भागला तर एक रेट येतो, साडेबारा तासांवर भागला तर दुसरा. हा दुसरा भागाकार मी तिथे असताना कधी केला नाही, केला असता तर पहिल्या वर्षीच परत आलो असतो.

कधी कधी इन्स्ट्रुमेंट घरी घेऊन यावं लागायचं, दुसऱ्या दिवशी दुसरी साईट असली की. ट्रायपॉड घेऊन साध्या डब्यात चढायची हिंमत नाही, लोक मारतील, म्हणून मालडब्यात जायचो, भाजीच्या पाट्या आणि मासळीच्या टोपल्यांमध्ये. टोटल स्टेशनची, म्हणजे त्या इन्स्ट्रुमेंटची, पिवळी पेटी मांडीवर. त्या पेटीची किंमत माझ्या चार वर्षांच्या पगाराएवढी होती. एक मावशी रोज विचारायची, पेटीत काय हाय, आणि मी रोज सांगायचो, दुर्बीण. एक दिवस म्हणाली, मग त्यात बघून सांग की घर कधी होईल तुझं.

आमच्या कामात ट्रॅव्हर्स असतो. माहीत असलेल्या पॉईंटवरून निघायचं, एकेक कोन, एकेक अंतर घेत पूर्ण फेरी मारून परत त्याच पॉईंटवर यायचं. आलेला आकडा सुरुवातीच्या आकड्याशी जुळायला पाहिजे. तंतोतंत कधीच जुळत नाही, थोडा फरक राहतो, त्याला क्लोजिंग एरर म्हणतात. मर्यादेत असला तर तो फरक सगळ्या बाजूंवर लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायचा. माझ्या बायकोने सर्वेचा स सुद्धा शिकला नाही पण सहा वर्षं दर महिन्याला ती हेच करत होती. महिन्याची फेरी कधी जुळायचीच नाही, पाचशे-सातशे कमी पडायचे, मग थोडे दुधातून, थोडे गॅस आठ दिवस जास्त पुरवून, थोडे माझ्या चहाचे, थोडे नागपूरला फोन कमी करून. पोरगी झाली त्यानंतर मात्र फरक मर्यादेबाहेर गेला. आमच्याकडे एरर मर्यादेबाहेर गेली की वाटत बसत नाहीत, सर्वे परत करतात. ऑगस्ट २०१४ मध्ये नागपूर मेट्रोचं भूमिपूजन झालं, कामं निघतील अशी हवा झाली, आणि आम्ही सामान बांधलं.

सरकारी नोकरीचं काय, हे लोक हमखास विचारतात. भाचा पण भरतो फॉर्म. भूमी अभिलेखचा भूकरमापक, वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२००. २०२१ च्या डिसेंबरात जाहिरात निघाली, १०१३ पदं, परीक्षा झाली २०२२ च्या नोव्हेंबरात, तोपर्यंत पोरांच्या दाढ्या वाढल्या. तो एकदा बसला, थोडक्यात राहिला. पण सरकारी पगारात मला एका गोष्टीची मजा वाटते, ती म्हणजे घरभाडं भत्ता. मुंबई-पुणे एक्स वर्ग, नागपूर वाय वर्ग. एक्सला मूळ पगाराच्या ३० टक्के आणि वायला २० टक्के धरा. १९,९०० वर मुंबईत ५,९७०, नागपुरात ३,९८०. फरक १,९९० रुपये. किरकोळ दुसरे भत्ते सोडा, पण राहायच्या जागेच्या बाबतीत सरकारच्या मते मुंबई नागपूरपेक्षा १,९९० रुपयांनी महाग आहे. आणि ५,९७० मध्ये मुंबईत काय मिळतं, तर भाच्याच्या त्या खोलीतला तिसरा हिस्सा, तोही तीस रुपये कमी पडून.

बरं, मुंबईला शिव्या देऊन मी थांबलो तर ते अर्धंच होईल. आमच्या नागपुरात एक वाक्य आहे जे प्रत्येक मालकाच्या तोंडात असतं, "नागपुरात खर्चच काय आहे बे?" पगार वाढवा म्हटलं की हे वाक्य येतं. मी स्वतः बारा वर्षं ऐकलं आणि आता स्वतःची छोटी फर्म असल्यामुळे एकदा माझ्या तोंडातूनही निघालं, हेल्परसमोर, आणि मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटली. टोटल स्टेशन नागपूरला स्वस्त मिळतं का? पेट्रोल? मोबाईल? पोरीच्या कोचिंगची फी? हॉस्पिटलात बाप भरती झाला तर बिल वाय वर्गाचं येतं का? भाजी स्वस्त आहे, रिंगरोडवर गाडी पळते, मान्य. पण खर्च कमी म्हणून पगार कमी ही गोष्ट जी सांगतात, त्यातला खर्च जो कमी आहे तो कामगाराच्या बापाने आधीच भरून ठेवलेला आहे. मालकाला तो फुकटात वापरायला मिळतो. भाऊजींनी १९९९ साली प्लॉट घेतला तो काही या कॉन्ट्रॅक्टरला सतरा हजारात सर्वेअर मिळावा म्हणून घेतला नव्हता.

आणि पुढच्या पिढीचं काय? ज्या लेआऊटवर आम्ही रविवारी खुंट्या मारत होतो तिथे रेट २,८०० रुपये फूट सांगून राहिले. दीड हजार फुटाचा प्लॉट, बेचाळीस लाख. टपरीवर बसल्या बसल्या मी भागून पाहिलं, सतरा हजाराने. २४७ महिने. वीस वर्षं सात महिने, काही न खाता, नुसता प्लॉट, त्यावर वीट नाही. सकाळपासून त्या पोराने चाळीसेक प्लॉटांच्या चारही कोपऱ्यांवर स्वतःच्या हाताने चुन्याची फुली मारली होती. मी हे त्याला बोललो नाही. त्याने कागद पाहिला, त्याला दिसलंच असेल.

संध्याकाळी बहिणीचा फोन. तिला जावू द्यायचं नाहीये. म्हणते, "इथंच राहून होत नाही का तुमचं हे काम? जमीन का मुंबईलाच आहे?" प्रश्न बरोबर आहे. मी तिला लॅम्बटनची गोष्ट सांगायला लागलो, तिने फोन भाऊजींकडे दिला, म्हणून ती इथे सांगतो. हिंगणघाटला कामाला गेलो की मला हा माणूस आठवतो. विल्यम लॅम्बटन, आमच्या धंद्याचा मूळपुरुष म्हणा, १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासला बेसलाईन मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत वर सरकत राहिला. सर्वे पावसाळ्यात करायचे कारण पाऊस पडून गेल्यावर हवा स्वच्छ, लांबचं दिसतं, आणि माणसं तापाने पटापट आजारी पडायची. अर्ध्या टनाचा थिओडोलाईट. वीस वर्षं असं तंबूत राहून, सत्तरीच्या घरातला हा म्हातारा नागपूरकडे येत असताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला, तिथेच पुरला. नागपूर पंचाहत्तर किलोमीटर राहिलं होतं. हे काम असंच आहे, जिथे मोजायचं तिथे जावं लागतं, आणि सध्या मोजायचं सगळं मुंबईकडे निघालंय, मेट्रो, बोगदे, पूल. समृद्धीचं मोजणं झालं तेव्हा आमच्याकडे दोन वर्षं पोरांना दम घ्यायला वेळ नव्हता, ७०१ किलोमीटरचा रस्ता, आता तो पूर्ण झालाय आणि त्याच रस्त्याने पोरं मुंबईला जाऊन राहिली.

भाऊजी फोनवर जास्त बोलत नाहीत. म्हणाले, "तुम्ही काय म्हणलं त्याला?"

मी म्हणलं, हिशोब करून दिला.

"हिशोबाने कोणी थांबते का?"

मी म्हणलं नाही. मी पण नव्हतो थांबलो. तिकडे थोडा वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग त्यांनी पोराला आवाज दिला आणि फोन त्याच्या हातात दिला. दुरांतोचं वेटिंग पाहून राह्यलो मामा, म्हणे, बावीस आहे, होऊन जाईल.

मी विचारलं, "डिपॉझिट किती?"

"तिघांत साठ. माझे वीस."

सोमवारी सकाळी बँक उघडल्या उघडल्या पाठवले. घरी अजून सांगितलेलं नाही.